हतनूरचे चक्रवाक आणि दसऱ्याची तारीख

मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका तरुण केळी बागायतदाराने विचारलं आहे: "आमचं वावर हतनूर धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. वडील सांगतात, त्यांच्या वेळी दसऱ्याला चक्रवाक यायचे. यंदा भाऊबीज झाली तरी एक जोडी दिसली नाही. थंडीचाही पत्ता नाही. हे हवामान बदलामुळे का? आणि असंच चाललं तर ते यायचे बंदच होतील का?"

भाऊ, प्रश्न फार चांगला आहे आणि वडिलांची आठवणही मोलाची आहे. चक्रवाक म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे येणारं केशरी बदक. पण त्याच्याआधी दसऱ्याचं बोलू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे.

२०२२ मध्ये दसरा ५ ऑक्टोबरला होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि दसरा थेट २४ ऑक्टोबरवर गेला. यंदा, २०२५ मध्ये, दसरा २ ऑक्टोबरला आणि भाऊबीज २३ ऑक्टोबरला. म्हणजे यंदाची भाऊबीज २०२३ च्या दसऱ्याच्याही एक दिवस आधी झाली! आपले सण चंद्रावर चालतात, पक्ष्यांचं वर्ष सूर्यावर चालतं. "दसऱ्याला यायचे" या वाक्यात तीन आठवड्यांची ढिलाई आधीपासूनच आहे, आणि हवामानामुळे जो फरक पडतो तो सहसा त्याहून लहान असतो.

म्हणून वडिलांना प्रश्न जरा वेगळा विचारा. आपल्या शेतकऱ्याकडे सूर्यावर चालणारं पंचांग आहेच, ते म्हणजे पावसाची नक्षत्रं. हस्त साधारण २७ सप्टेंबरला लागतं, चित्रा १०-११ ऑक्टोबरला, स्वाती २४ ऑक्टोबरला. ती दर वर्षी त्याच तारखांना येतात, एखाद्या दिवसाचा फरक. वडिलांना विचारा, चक्रवाक पहिल्यांदा दिसायचे तेव्हा हत्तीचा पाऊस होऊन गेलेला असायचा का? स्वाती लागलेली असायची का? दादर (रब्बी ज्वारी) केवढी झालेली असायची? सणाच्या आठवणीपेक्षा वावरातल्या कामाची आठवण तारखेला घट्ट बांधलेली असते. खान्देशात अठ्ठावीस वर्षं पक्षी मोजताना जुन्या माणसांकडून मला सर्वांत भरवशाची माहिती अशीच मिळाली आहे. "पहिली कापूस वेचणी चालू होती" हे वाक्य मला "दिवाळीच्या सुमारास" पेक्षा दहापट कामाचं वाटतं.

आता थंडीचं. थंडी पडली की पक्षी येतात, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की वर्तमानपत्रंही तसंच छापतात. पण पोळ्याच्या दिवसांत, श्रावण सरता सरता, कुठल्याही डबक्याच्या काठावर जाऊन पाहा. ठिपकेदार तुतारी (काठावर वावरणारा एक छोटा पक्षी) शेपटी हलवत चिखल टोचत असते. ती उत्तरेकडच्या दलदलींतून आलेली असते आणि आपण तेव्हा घामाने भिजलेले असतो. करडा धोबीही सप्टेंबरात हजर होतो. इथली थंडी त्यांना बोलावत नाही. इथली थंडी त्यांना तिथे बसून कळणार तरी कशी?

त्यांना कळतं ते दिवसाच्या लांबीवरून. १९२० च्या दशकात कॅनडातल्या विल्यम रोवन या शास्त्रज्ञाने जुंको नावाचे लहान पक्षी पिंजऱ्यात ठेवले आणि भर हिवाळ्यात, बाहेर कडाक्याची थंडी असताना, दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा वाढवत नेला. पक्ष्यांच्या शरीरात वसंत ऋतू आल्यासारखे बदल सुरू झाले. थंडी तशीच होती, फक्त उजेड वाढला होता. पुढे जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी वटवट्यांच्या जातीचे पक्षी बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा न बदलणाऱ्या खोलीत ठेवले. तरीही ठरावीक काळाने त्यांची पिसं झडत, नवी येत आणि रात्री पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात पंखांची फडफड सुरू होई. सुमारे वर्षभराचं एक घड्याळ त्यांच्या आतच असतं. दिवसाची लांबी ते घड्याळ दर वर्षी बरोबर लावून देते.

लांबून येणारे छोटे पक्षी या घड्याळाला जास्त बांधलेले असतात. बदकं आणि हंस त्यामानाने लवचिक. तुमचा चक्रवाक लडाख, तिबेट, मध्य आशियातल्या तलावांवर वीण करतो. तिथलं पाणी गोठायला लागलं, अन्न संपलं, की निघतो. तिथे शरद ऋतू लांबला तर काही दिवस थांबूही शकतो. म्हणजे चक्रवाकाच्या बाबतीत हवामान बदलाची शंका घेणं चुकीचं नाही. पण तो तिथून निघाला ती एक तारीख आणि तुमच्या वावरातून तो तुम्हाला दिसला ती दुसरी तारीख. या दोन तारखांच्या मध्ये हतनूरचं पाणी आहे.

तुम्ही फुगवट्यावरच राहता, त्यामुळे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. पावसाळ्यात धरणाचे ४१ दरवाजे गरजेप्रमाणे उघडून पूर जाऊ देतात आणि पाऊस ओसरत आला की साठा भरून घेतात. ऑक्टोबरात पाणी काठोकाठ असलं की चक्रवाकाला हवी ती जागा शिल्लकच नसते. त्याला उघडा काठ लागतो, वाळूचा दांडा, चिखलाची जीभ, जिथून चारी बाजूंनी लांबवर दिसेल. खोल पाण्यावर मोठी लालसरी खुशाल तरंगेल, चक्रवाक नाही.

२०१९ चा ऑक्टोबर आठवतो ना? पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, कणसांना जागेवर कोंब फुटले, कापूस झाडावरच काळा पडला. त्या महिन्याच्या शेवटी मी चांगदेवला गेलो. तापी-पूर्णेच्या संगमावर नजर जाईल तिथवर गढूळ पाणी. तिपायावरच्या दुर्बिणीतून दोन तास पाहून एकही चक्रवाक सापडला नाही. काठावर जाळं झाडत बसलेले एक म्हातारे भोई माझी तगमग पाहत होते. म्हणाले, "पाणी उतरू द्या दादा, गाळ उघडा पडला की येतीनच." परत येताना रस्त्यालगतच्या एका पाझर तलावाशी सहज थांबलो, तर पलीकडच्या नांगरलेल्या वावरात नऊ चक्रवाक चरत होते. केशरी अंगावर ऊन पडलेलं, एक नर मान उंच करून पहाऱ्यावर. माझ्या वहीत संगमाच्या पानावर त्या दिवशी "चक्रवाक नाही" असंच लिहिलं गेलं. नोंद खरी होती, पण तिचा अर्थ "चक्रवाक आले नाहीत" असा कोणी काढला असता तर तो साफ चुकला असता.

इथे हवामान बदल येतो, पण वेगळ्या दाराने. भारतीय हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य राजस्थानातून मान्सून परतायला लागण्याची जुनी तारीख १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर झाली. सोळा दिवसांचा फरक. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला की धरण भरलेलं राहतं, गावोगावची डबकी, नाले, पाझर तलाव ओले राहतात आणि पक्षी पांगतात. पक्षी वेळेवर आला तरी ठरलेल्या जागी उशिरा दिसतो. खान्देशातल्या पाणपक्ष्यांच्या "उशिरा येण्या"चा मोठा भाग असा पाण्याचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. यंदा पाण्याची पातळी उतरल्यावर नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पाहा, आणि तोवर आसपासचे पाझर तलावही बघून या.

मग हवामान बदलाने स्थलांतराचं खरं काही बिघडतच नाही का? बिघडतं, आणि फार वाईट बिघडतं. दुबार पेरणीचं दुःख ज्याला माहीत आहे त्याला ते लगेच कळेल.

युरोपात पाईड फ्लायकॅचर नावाचा माशीमार कुळातला चिमणीएवढा पक्षी आहे. हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि विणीसाठी नेदरलँड्सच्या जंगलात येतो. पिल्लांना भरवायला त्याला ओकच्या झाडांवरच्या अळ्या लागतात, आणि त्या वर्षात थोडेच आठवडे भरपूर असतात. वसंत ऋतू लवकर तापू लागला, तशी पालवी लवकर फुटली, अळ्या लवकर आल्या. पक्षी मात्र आफ्रिकेत दिवसाच्या लांबीवर निघत होता. नेदरलँड्समध्ये ऊन लवकर पडलं हे त्याला आफ्रिकेत समजायला मार्ग नव्हता. क्रिस्टियान बोथ आणि मार्सेल फिसर यांनी २००१ मध्ये दाखवलं की पक्ष्यांनी पोहोचल्यावर घाई करून अंडी लवकर घालायला सुरुवात केली, पण येण्याची तारीख काही अलीकडे आली नाही, त्यामुळे ती घाई पुरी पडत नाही. २००६ मध्ये आणखी पुढची गोष्ट कळली: ज्या जंगलांत अळ्यांचा बहर सर्वांत लवकर येऊ लागला होता, तिथले हे पक्षी दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटले होते. जंगल जागेवर, अन्न जागेवर, फक्त वेळ चुकली.

दुसरं उदाहरण तर मला रात्री झोपू देत नाही. रेड नॉट हा तुतारीच्या कुळातला किनारपक्षी रशियाच्या अगदी उत्तरेला, तैमिर द्वीपकल्पावर वीण करतो. तिथला बर्फ तेहतीस वर्षांत दर वर्षी सरासरी अर्धा दिवस लवकर वितळू लागला. किडे लवकर निघाले आणि पिल्लांच्या वाट्याला कमी आले. पिल्लं खुजी राहिली, त्यांच्या चोचीही आखूड राहिल्या. तिथून ही पिल्लं पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर गेली. तिथले पौष्टिक शिंपले चिखलात खोल असतात आणि आखूड चोच तिथवर पोहोचत नाही, म्हणून पाणगवताच्या मुळांवर दिवस काढावे लागतात. अशी कितीतरी पिल्लं मोठी होईपर्यंत टिकली नाहीत. २०१६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. बर्फ वितळला आर्क्टिकमध्ये, उपासमार झाली आफ्रिकेत. आफ्रिकेतल्या किनाऱ्यावर उभं राहून कोणी कितीही बारकाईने पाहिलं असतं तरी कारण तिथे सापडलं नसतं. आपणही हतनूरवर उभे राहून एका लांबलचक गोष्टीचं शेवटचं पान वाचत असतो.

आपल्याकडे अशी वेळ चुकण्याची भीती ज्याला आहे तो पक्षी चातक. उत्तर आणि मध्य भारतात तो आफ्रिकेतून मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर येतो. खान्देशात जूनमध्ये त्याची "पिऊ, पिऊ-पी-पी-पिऊ" ऐकू येते. तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, त्यामुळे त्याला पाऊस आणि सातभाईंची वीण या दोन्ही गोष्टी गाठायच्या असतात. यंदा मान्सून केरळात २४ मे रोजी आला आणि २६ मे रोजी मुंबईत, इतक्या लवकर तो मुंबईत गेल्या पंचाहत्तर वर्षांत आला नव्हता. अशा वर्षी चातक वाऱ्याबरोबर लवकर आला आणि मग पावसाने दडी मारली, तर किडे निघून मरून जातात, सातभाई घरटी करायची थांबतात. तुमच्याकडे बियाणं करपतं, त्याच्याकडे वर्षाची वीण जाते. म्हणून दर वर्षी चातकाची पहिली हाक आणि तुमच्या गावात पेरणीजोगा पाऊस झाला तो दिवस, या दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात. त्यांच्यातलं अंतर हीच खरी नोंद.

आता माझ्या काळजीचा मुख्य विषय. येण्याची तारीख सगळे विचारतात. जाण्याची कोणीच विचारत नाही. पक्षी आला की फोटो निघतात, बातमी होते. मार्चमध्ये ऊन तापलं की माणसंच पाण्यावर जायची बंद होतात. आणि खान्देशात हवामान बदलाचा सगळ्यात स्पष्ट ठसा जर कुठे उमटणार असेल तर तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, असं मला वाटतं.

कारण सांगतो. परतीच्या प्रवासाचं इंधन ते आपल्याकडे भरतात. एके वर्षी मार्चच्या सुरुवातीला सकाळी साडेसहाला, गहू कापून झालेल्या एका वावराच्या बांधावर बाभळीआड बसलो होतो. समोर पट्टकादंब हंसांचा लहानसा थवा सांडलेले दाणे आणि बांधावरचं कोवळं गवत खात होता. एक हंस कडेने चालत माझ्यापासून साठ-सत्तर पावलांवर आला. अशा वेळी मी डोक्यावरचे काळे पट्टे बघत नाही, पोट बघतो. पायांच्या मागून शेपटीच्या बुडापर्यंतची रेषा. डिसेंबरात ती जवळजवळ सरळ असते, कधी आत गेलेली. या हंसाची रेषा खाली झुकून गोल झाली होती, दुहेरी वळण पडलेलं, आणि चालताना पोट डाव्या-उजव्या पायाबरोबर हलत होतं. ती सगळी चरबी. तिच्यावर हिमालय ओलांडायचा असतो. पट्टकादंब ७,२९० मीटर उंचीवरून उडाल्याची नोंद उपग्रहाला जोडलेल्या यंत्रांमुळे झाली आहे, आणि आपला चक्रवाकही ६,८०० मीटरच्या आसपास पोहोचल्याचं दिसलं आहे. लांबून पोटाची रेषा पाहून हंसाची चरबी जोखण्याची ही पद्धत जगभर वापरतात. साधी आहे, तुम्हीही चार-पाच सकाळींत शिकाल.

ही चरबी भरायला त्याला कित्येक आठवडे निवांत चरायला मिळावं लागतं. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्याच्या पुढच्याच वर्षी फेब्रुवारीने तोवरचा विक्रम मोडला. भुसावळच्या उन्हाची ओळख मी तुम्हाला काय करून देणार! ऊन लवकर तापलं की काठावरचं कोवळं गवत वाळतं, गहू लवकर निघतो, पाणी झपाट्याने आटतं, दुपारचे तास सावलीअभावी नुसते धापा टाकण्यात जातात. मग हंसापुढे दोनच वाटा. अर्ध्या पोटी वेळेवर निघायचं, किंवा पोट भरेपर्यंत थांबून उशिरा पोहोचायचं. लवकर निघाला तर काय बिघडलं, असं वाटेल. पण वरचे तलाव अजून गोठलेले असतील तर तिथे जाऊन करणार काय? तिबेटचं पठार जगाच्या सरासरीहून खूप जास्त वेगाने तापतं आहे, तेव्हा तिथला बर्फही लवकर उघडेल. इथली घाई आणि तिथली घाई यांचा मेळ बसेल का, हाच सगळा प्रश्न आहे.

"यायचे बंदच होतील का?" याबद्दल. युरोपात टफ्टेड डक, गोल्डनआय यांसारखी बदकं हिवाळ्यात पूर्वीइतकी दक्षिणेला उतरत नाहीत. फिनलंड-स्वीडनचं पाणी आता कमी गोठतं, म्हणून तिथेच जास्त संख्येने राहतात. पट्टकादंबही तिबेटच्या दक्षिण खोऱ्यांत हिवाळा काढतात. तेव्हा काही जातींचा काही भाग वरच्या वरच थांबेल, आपल्याकडे संख्या घटेल, हे शक्य आहे. पण संख्या घटली की लगेच हवामानावर बोट ठेवू नका. भरतपूरला येणारे सायबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर आलेच नाहीत, त्यामागे वाटेवरची शिकार आणि उद्ध्वस्त झालेल्या पाणथळी होत्या. आपल्या तापी-गिरणेच्या पात्रातले वाळूचे दांडे ट्रॅक्टरच्या खेपा करून उचलले जात आहेत. चक्रवाक रात्री ज्या बेटावर उभा राहायचा ते बेटच नाहीसं झालं, तर त्याला हवामान काय करणार? ते थांबवणं आपल्या हातात आहे आणि त्यासाठी कुठल्या जागतिक कराराची वाट पाहायची गरज नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल म्हणून नोंदीचं सांगतो. एकच जागा ठरवा, तुमच्या बांधावरची. आठवड्यातून एकदा, शक्यतो तोच वार, सकाळी तोच अर्धा तास. "पहिला दिसला" या तारखेवर फार विसंबू नका. पाहणारे वाढले की पहिला पक्षी आपोआप लवकर सापडतो, आणि एखादा भरकटलेला पक्षी सगळं गणित चुकवतो. त्याऐवजी दर आठवड्याला आकडा लिहा. त्या हंगामातल्या सर्वांत मोठ्या संख्येच्या निम्मे पक्षी कोणत्या आठवड्यात झाले आणि परत निम्म्यावर कधी आले, ह्या दोन तारखा जास्त खऱ्या बोलतात. पक्षी नसला तर "नाही" लिहा. रिकामी सोडलेली ओळ आणि "नाही" लिहिलेली ओळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेजारी पाण्याची पातळी लिहा, आकडा नसला तरी "बाभळीच्या बुंध्यापर्यंत", "वाळूचा दांडा उघडा" एवढं चालेल. इंग्रजी तारीख आणि नक्षत्र दोन्ही टाका. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवल्या तर त्या कोणालाही वापरता येतात. २००७ मध्ये मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम देशात याच कामासाठी सुरू झाला होता, त्याची माहितीही पुढे तिथेच गेली. पाच-सहा वर्षांच्या नोंदींवरून निष्कर्ष काढायची घाई करू नका. वीस वर्षांनी त्यांचं सोनं होईल, आणि तुम्ही तरुण आहात.

या हंगामापुरतं एवढंच करा: आता पाणी उतरताना दर रविवारी बघा, आणि १५ फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत एकही रविवार चुकवू नका. शेवटची जोडी ज्या सकाळी दिसेल, तिच्या पुढचे तीन रविवारही जा आणि "नाही, नाही, नाही" असं लिहा. ते पान मला पाठवा. वडिलांनी नक्षत्राचं काय सांगितलं तेही त्याच पानावर असू द्या.